भरदार तांबड्या वाइनची पारख : बागाईतदाराच्या जिभेचे काम

फळछाटणीला चार-साडेचार महिने होत आले की नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी-निफाड भागातील वाइनच्या द्राक्षबागांत रोज पहाटे एकच प्रश्न उभा राहतो : खुडा आज करावा की आणखी आठवडाभर थांबावे? बागाईतदार चार-दोन घडांतील मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब सोडतो. आकडा २४ अंश ब्रिक्सवर आलेला असतो. करारातील अट भरलेली असते. थांबावे तर मणी सुकून वजन घटते, पाखरे घड टोचतात आणि आभाळ भरून आले तर रात्रीची झोप उडते. तेव्हा तो खुडा करतो, आणि त्यात त्याचे चुकले असे कोणाला म्हणता येत नाही. परंतु काही महिन्यांनी त्याच द्राक्षांची वाइन पेल्यात उतरते, तेव्हा रंग गडद असतो, मद्यार्क पुरेसा असतो, आणि तरीही नाकाला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास येतो व जीभ कच्ची सुपारी चघळल्यासारखी आवळून येते. यंत्र खोटे बोललेले नसते. त्याला साखरेपुरते विचारले होते, त्याने साखरेपुरते सांगितले.

महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यानंतर शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यों यांसारख्या तांबड्या वाइनच्या जाती या भागातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाच्या झाल्या. लागवड, छाटणी व रोगनियंत्रण या बाबतींत आपले बागाईतदार कोणालाही हार जाणारे नाहीत. एका गोष्टीत मात्र ते अद्याप परावलंबी आहेत. आपल्या मालाची वाइन कशी झाली, हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. पुष्कळ बागाईतदार माळकरी असून मद्याला स्पर्शही करीत नाहीत, आणि त्यांचा तो नेम आदरणीयच आहे. परंतु रुचिपरीक्षा ही पिण्याहून निराळी गोष्ट आहे. परीक्षक वाइन तोंडात घोळवतो व तस्तात थुंकून टाकतो. शिवाय या परीक्षेचा अर्धा, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, भाग बागेतच मण्यावर करावयाचा असतो. त्यात मद्याचा थेंबही नसतो.

भरदार म्हणजे काय?

सर्व तांबड्या वाइन सारख्या नसतात. काही पातळ, हलक्या व चटकन विसरल्या जाणाऱ्या असतात, तर काही तोंडात भरून राहतात. या दुसऱ्या वर्गाला भरदार असे म्हणता येईल. ताकावरचे निवळ पाणी, साधे दूध आणि आटवलेले दूध ही तिन्ही पाठोपाठ तोंडात घेऊन पाहिल्यास जिभेवरचा भार म्हणजे काय याची कल्पना येते. वाइनमध्ये हा भार मुख्यतः मद्यार्क, टॅनिन आणि विरघळलेले इतर पदार्थ यांच्यामुळे येतो. भरदार तांबड्या वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः १३.५ टक्के किंवा त्याहून अधिक असते. लिटरभर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. यावरून २४ अंश ब्रिक्सच्या रसापासून सुमारे १३.५ ते १४ टक्क्यांची वाइन का होते, हे ध्यानात येईल.

मद्यार्क हा मात्र भाराचा एकच भाग होय. दुसरा भाग साल आणि बी यांतून येतो. काळ्या द्राक्षांचा गर बहुतेक जातींत बिनरंगी असतो. रंग सालीत असतो. म्हणूनच तांबड्या वाइनकरिता रस सालीबियांसकट आंबवतात आणि साधारणतः एक ते तीन आठवडे त्यांच्या सहवासात ठेवतात. त्या काळात सालीतून रंग व टॅनिन, आणि मद्यार्क वाढत जाईल तसतसे बियांतूनही टॅनिन रसात उतरते. खाण्याच्या द्राक्षात निर्यातीसाठी मणी १६ ते १८ मिलिमीटर किंवा त्याहूनही मोठा व्हावा म्हणून खटपट केली जाते. वाइनच्या द्राक्षाचे गणित याच्या उलट आहे. मणी जितका लहान, तितकी गराच्या मानाने साल अधिक. आणि साल अधिक तर रंग व भारही अधिक. दोन्ही पिके मांडवावर वा तारेवर सारखी दिसली तरी त्यांचे मोल निरनिराळ्या मापांनी ठरते.

परीक्षेची तयारी

रुचिपरीक्षेस फार साहित्य लागत नाही. पोट रुंद व तोंड निमुळते असलेला, पायाचा काचेचा पेला घ्यावा. आंतरराष्ट्रीय मानकाचा पेला सुमारे २१५ मिलिलिटरचा असून त्यात ५० मिलिलिटरच वाइन ओततात, म्हणजे उरलेल्या जागेत वास साठतो. भरदार तांबडी वाइन १६ ते १८ अंश सेंटिग्रेडला तपासावी. आपल्याकडे मार्च-एप्रिलमधील खोलीचे तपमान याहून कितीतरी अधिक असते. तशा उष्ण वाइनमध्ये मद्यार्काचा भपकारा इतर सर्व वास झाकून टाकतो, म्हणून बाटली आधी थंड करून घेणे जरूर आहे. परीक्षेपूर्वी तंबाखू, पान, तिखट व अत्तर वर्ज्य करावे. सकाळची वेळ उत्तम. जवळ पाणी, कोरडी भाकरी किंवा पाव आणि तस्त ठेवावे.

बाटलीवरील नाव झाकलेले असावे, हा नियम शोभेचा नव्हे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने अशी झाकलेली परीक्षा योजली होती. फ्रेंच परीक्षकांनी नावे न पाहता गुण दिले, तेव्हा बोर्दोच्या नामांकित वाइनना मागे टाकून कॅलिफोर्नियातील स्टॅग्ज लीप या द्राक्षमळ्याची १९७३ सालची कॅबर्ने सॉव्हिन्यों पहिली आली. नाव उघडे असते तर काय झाले असते, याचा तर्क ज्याने त्याने करावा.

डोळाही फसवतो. फ्रान्समधील बोर्दो येथे केलेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांसमोर पांढरी वाइन गंधहीन तांबड्या रंगाने रंगवून ठेवण्यात आली. त्यांनी तिच्या वासाचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. नाकाने जे सांगावयाचे ते रंगाने आधीच सांगून टाकले होते. सबब प्रत्येक इंद्रियाची साक्ष स्वतंत्रपणे घ्यावी व लगेच लिहून ठेवावी.

रंग व वास

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहावा. नव्या भरदार वाइनचा मध्य जवळजवळ काळा आणि कड जांभळी असते. वय वाढते तशी कड विटकरी होत जाते. वाइन फिरवल्यावर काचेवरून ओघळणाऱ्या धारा पाहून पुष्कळ लोक तिची प्रत ठरवू पाहतात. त्या धारा मद्यार्काच्या बाष्पीभवनामुळे पडतात. त्यांवरून मद्यार्काचा अदमास येईल, प्रतीचा येणार नाही.

नंतर पेला न हलवता एकदा आणि गोल फिरवून दुसऱ्यांदा वास घ्यावा. प्रथम दोष शोधावेत. ओल्या गोणपाटाचा वास बुचाचा दोष दाखवतो, शिरक्याचा वास आम्लजंतूंचा, सडक्या अंड्याचा वास गंधकाच्या संयुगाचा, तर तबेल्यासारखा वास एका विशिष्ट जातीच्या किण्वाचा. दोष नसल्यास गुणांकडे वळावे. ते ढोबळ मानाने चार कुळांत मोडतात : फळांचे, हिरव्या पाल्याचे, मसाल्याचे आणि लाकडाचे.

यांतील काही वासांचे मूळ आता निश्चित कळलेले आहे. कॅबर्ने सॉव्हिन्यों ही जात कॅबर्ने फ्रां आणि सॉव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून झाल्याचे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी १९९७ साली दाखवून दिले. तिच्या कच्च्या मालात येणारा ढोबळ्या मिरचीचा वास पायराझिन वर्गातील द्रव्याचा असतो. तो इतका तीव्र की लिटरभर वाइनमध्ये या द्रव्याचे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश असले तरी नाकाला कळते. शिराझमधील मिरीचा वास रोटंडोन या द्रव्याचा असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केले. हेच द्रव्य काळ्या मिरीतही असते. मौज अशी की, सुमारे पंचमांश माणसांना ते जाणवतच नाही. म्हणून एकाला मिरी लागली आणि दुसऱ्याला लागली नाही, तर दोघेही प्रामाणिक असू शकतात. ओक लाकडाच्या पिंपात मुरलेल्या वाइनला लवंगेचा वास येतो, तोही केवळ भास नव्हे. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य ओकच्या लाकडात खरोखरच असते.

चव आणि तुरटपणा

घोट लहान घ्यावा, तोंडभर फिरवावा व थोडी हवा आत ओढावी. मग क्रमाने पाच गोष्टी पाहाव्यात : गोडी, आंबटपणा, तुरटपणा, मद्यार्काची ऊब आणि भार. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटते. तुरटपणाने तोंड कोरडे पडते. या दोहोंतील भेद नवशिक्याला प्रथम शिकावा लागतो.

आयुर्वेदाने कषाय, म्हणजे तुरट, हा सहा रसांपैकी एक मानला असून त्याने जीभ जड होते व घसा आवळल्यासारखा होतो, असे त्याचे वर्णन केले आहे. आधुनिक शास्त्र तुरटपणाला चवीपेक्षा स्पर्शाच्या सदरात घालते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून बसते, लाळेचे वंगण कमी होते आणि जीभ व टाळू एकमेकांवर घासू लागतात. वर्णन जुने आणि कारण नवे असले तरी दोन्हींचा मेळ बसतो. हा परिणाम घोटागणिक साचत जातो. म्हणून दोन नमुन्यांच्या दरम्यान पाणी व भाकरीचा तुकडा घेऊन थोडे थांबावे.

तुरटपणा किती, याच्याइतकेच तो कसा हे महत्त्वाचे आहे. भरदार वाइन भरपूर तुरट असावी, पण तो तुरटपणा पिकलेल्या जांभळासारखा किंवा मखमलीवर उलटा हात फिरवल्यासारखा असावा. कच्च्या केळ्याच्या किंवा डाळिंबाच्या सालीसारखा खरखरीत व कडवट असेल, तर तो बहुधा हिरव्या बियांचा समजावा. शेवटी घोट थुंकल्यावर चव किती सेकंद रेंगाळते ते मोजावे. चांगल्या वाइनची चव रेंगाळते, आणि रेंगाळताना कडू होत नाही.

जो मद्य घेत नाही त्यानेही हा भेद घरी शिकावा. दोन कपांत बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा करावा : एकात पत्ती दोन मिनिटे, दुसऱ्यात दहा मिनिटे ठेवावी. दुसऱ्या कपाने जिभेच्या कडांवर जे होते, तेच टॅनिनचे काम होय. त्याच चहात लिंबाचे चार थेंब पिळले की आंबट आणि तुरट यांची सीमारेषा आपोआप स्पष्ट होते.

शब्द आपल्या मातीतले

चव ओळखली तरी ती सांगावी कशी? 'छान', 'कडक', 'जोरदार' या शब्दांनी काहीच कळत नाही. डेव्हिस विद्यापीठातील ॲन नोबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली वाइनच्या वासांची पद्धतशीर शब्दावली मांडली. पुढे ती चक्राच्या रूपाने जगभर पसरली. तिचे सूत्र सोपे होते. जो शब्द दोन माणसांना एकाच वस्तूकडे नेतो, तो चांगला शब्द. मात्र त्या चक्रातील अनेक फळे युरोप-अमेरिकेतील आहेत. कॅबर्नेचा वास ब्लॅककरंटसारखा असतो, असे पुस्तकांत आढळते. परंतु ज्याने ते फळ कधी खाल्ले नाही, त्याला हे वाक्य पाठ होईल, उपयोगी पडणार नाही.

आपल्याकडे करवंद आहे, जांभूळ आहे, तुती आहे, आवळा, हिरडा, कात, मिरी, लवंग, सुके खोबरे, पहिल्या पावसाचा मातीचा वास आणि नव्या वहाणेच्या चामड्याचा वास आहे. हे शब्द घेतल्याने शास्त्र कमी होत नाही. बागेतील मुकादमापासून कारखान्यातील तज्ज्ञापर्यंत सर्वांना ते कळतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. नमुन्यादाखल शिराझची टिपणी अशी लिहिता येईल : 'रंग गडद जांभळा, कड गुलाबी. पिकलेले जांभूळ व मिरी. लवंगेचा वास बेताचा. आंबटपणा मध्यम. तुरटपणा भरपूर पण मऊ. भार पूर्ण, ऊब सोसवेल इतकी. चव दहा-बारा सेकंद टिकते, अखेरीस किंचित कात.' एवढ्या ओळी वाचल्या की वाइन न चाखलेल्या माणसालाही ती कोणत्या प्रकारची आहे हे समजते.

बागेतील परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उष्ण प्रदेशात मण्यातील साखर लवकर चढते, आम्ल लवकर उतरते, पण साल आणि बी यांची पक्वता मागे राहू शकते. ती रिफ्रॅक्टोमीटरवर दिसत नाही. तिच्याकरिता जीभ व डोळा हीच साधने होत.

मण्यांत पाणी उतरून रंग पूर्ण भरल्यावर दर तीन-चार दिवसांनी सकाळी ही परीक्षा करावी. बागेच्या निरनिराळ्या ओळींतून, उन्हाच्या व सावलीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यावरचे व शेंड्याचे मणी घ्यावेत. एका वेळी तीन-चार मणी तोंडात घालावेत. प्रथम गर दाबून गोडी व आंबटपणा पाहावा. मग साल निराळी करून दहा-पंधरा वेळा चावावी. हिरवट, गवताची चव येते की फळाची, आणि चावून झाल्यावर जीभ टाळूवरून सहज सरकते की अडकते, हे पाहावे. शेवटी बिया हातावर घ्याव्यात. हिरव्या व चिकट बिया म्हणजे अजून वेळ आहे. तपकिरी, कडक, दातांखाली भाजल्या दाण्यासारख्या फुटणाऱ्या बिया म्हणजे माल तयार होत आला.

यावरून थांबणे नेहमीच चांगले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. फार थांबल्यास आम्ल घसरते, मणी सुकतो, आणि वाइन मुरंब्यासारखी गोडसर वासाची, जड व घशाला चटका देणारी होते. तिला भरदार म्हणत नाहीत. ती थकलेली असते. म्हणून साखर, आम्ल, साल आणि बी या चौघांची साक्ष जुळते तो दिवस खुड्याचा. ही साक्ष दरवर्षी उशिरा जुळत असेल, तर दोष पुष्कळदा आधीच्या कामात सापडतो. पाणी व नत्र अधिक झाल्याने वेल माजतो, घड दाट सावलीत राहतात आणि हिरवा वास टिकतो. घडांभोवतीची पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने वेळीच विरळ केल्यास हा वास कमी होतो. दुपारच्या उन्हाच्या बाजूची पाने मात्र राखावीत, नाहीतर मणी भाजतात.

वहीची एक ओळ

या सर्व खटपटीचा शेतकऱ्याला लाभ काय, असा प्रश्न रास्तच आहे. थांबण्याचे नुकसान आज त्याच्याच पदरी पडते. वजन त्याचे घटते, आणि चांगल्या वाइनचे नाव बाटलीवर दुसऱ्याचे लागते. जोपर्यंत भाव वजन व ब्रिक्स यांवरच ठरतो, तोपर्यंत २४ चा आकडा दिसताच खुडा करणाऱ्याला दोष देता येणार नाही. परंतु ज्याच्या वहीत प्रत्येक प्लॉटची तारीखवार नोंद आहे, ज्याला आपल्या मालाची साल कधी मऊ झाली व बी कधी तपकिरी झाली हे सांगता येते, तो करार करताना निराळ्या बळाने बोलू शकतो. पक्व सालीच्या मालाला वाढीव भाव आणि थांबण्याने घटणाऱ्या वजनाची भरपाई, या मागण्या त्याला पुराव्यानिशी मांडता येतात.

याकरिता शेतकरी बंधूंनी दोन गोष्टी कराव्यात. खुड्याच्या दिवशी मणी चाखून वहीत एक ओळ लिहावी. आणि त्या मालाची वाइन तयार झाल्यावर, आपल्या प्लॉटचा नमुना परीक्षेस ठेवण्याची विनंती कारखान्यास करून, तेथे निघालेली टिपणी पहिल्या ओळीखाली उतरवून घ्यावी. स्वतः चाखावयाचे नसेल तर ऐकून लिहावी. चाखणाऱ्याने घोट तस्तात टाकावा. मद्यार्क शरीरास अपायकारक आहे, आणि परीक्षेच्या निमित्ताने पिण्याची सवय लागणे हे कोणत्याही पिकाच्या फायद्यापेक्षा महाग पडेल.

तीन-चार हंगामांत अशा ओळी एकाखाली एक जमल्या, म्हणजे बागेतील कोणत्या चवीचे पेल्यात काय होते, हे दुसऱ्या कोणाला विचारण्याची गरज उरणार नाही. मग पहाटे रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा २४ वर आला, तरी बागाईतदार आधी चार बिया दातांखाली फोडून पाहील आणि त्यानंतरच माणसांना खुड्याची हाक देईल.